अकरा डिसेंबर

हॉस्टेलवर रात्री बारा वाजता दार बडवलं गेलं की समजायचं, कुणाचा तरी 'बड्डे' आहे आणि आता त्याची खैर नाही! फर्स्ट इयरला ११ डिसेंबरला आम्ही पाटणकडच्या एका मित्राला असाच उचलला. लाथा झाल्या, केक फासून झाला. मग तो हळूच म्हणाला, "आमच्याकडं आजी आज आधी दिवा लावते, वाढदिवस नंतर. तिचा थोरला भाऊ कोयनानगरला गेला, भूकंपात."

आमचा आवाजच बसला.

पुढे मी लायब्ररीत ही तारीख धुंडाळली. दिलीपकुमार (१९२२), विश्वनाथन आनंद (१९६९), क्षयाचा जंतू शोधणारा रॉबर्ट कॉख (१८४३). तमिळ कवी सुब्रमण्य भारती आणि पुंज भौतिकीतला मॅक्स बॉर्न तर एकाच दिवशी जन्मलेले, १८८२ साली! अपोलो-१७ चंद्रावर उतरलं ते १९७२ च्या ११ डिसेंबरलाच. (आपल्याकडे तेव्हा बारा तारीख लागली होती, पण चालवून घ्या.)

यात ग्रहताऱ्यांचा काही संबंध नाही, बरं का. २३ जणांच्या २५३ जोड्या होतात, म्हणून त्यांतल्या कुणा दोघांचा वाढदिवस एक असण्याची शक्यता निम्म्याहून थोडी जास्तच भरते. 'माझ्याच' तारखेचा कुणी हवा असेल तर मात्र तेवढ्याच शक्यतेसाठी दुसरी २५३ माणसं लागतात.

पण सिव्हिलवाल्यांसाठी ही तारीख १९६७ ची. पहाटे ४ वाजून २१ मिनिटं. तीव्रता सहाच्या वर, पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली, कोयनानगरची बहुतेक घरं पडली. दख्खनचं पठार तोवर स्थिर समजलं जाई. म्हणून १०३ मीटर उंचीच्या धरणाच्या डिझाइनमध्ये भूकंपासाठी ०.०५ गुणांक धरलेला. प्रत्यक्षात धरणातल्या यंत्रावर गुरुत्वीय त्वरणाच्या ०.६ पटीहून जास्त झटका नोंदला गेला. एक सरसकट गुणांक, दुसरा क्षणभराचा कमाल झटका, त्यामुळे थेट तुलना करता येत नाही हे मान्य. तरी आकडे बघून पोटात गोळा येतोच. धरण उभं राहिलं. तडे गेले ते वरच्या भागात, जिथे मागच्या बाजूचा उतार एकदम बदलतो तिथे. नंतर मागून काँक्रीटचे टेकू देऊन ते बळकट केलं. जलाशयातल्या पाण्यानेच हे भूकंप जागे केले, असं आज बहुतेक शास्त्रज्ञ मानतात.

त्या मित्राचं दार आम्ही अजून बारालाच बडवतो. फक्त चारच्या आत दंगा आवरता घेतो. त्या वेळी त्याची आजी उठलेली असते आणि त्याला घरी फोन लावायचा असतो.