कुमारवयांतील झोंप

रात्रीं उशिरां निजणारें मूल आळशी असतें, हा समज शास्त्राला धरून नाहीं. कुमारवयांत झोंपेची सूचना देणारें मेलॅटोनिन शरीरांत तास-दोन तास उशिरां स्रवूं लागतें; झोंपेची गरज मात्र आठ ते दहा तासांचीच राहते. त्यांत छत्रपती संभाजीनगरचा सूर्य प्रमाणवेळेच्या सरासरी २९ मिनिटें मागें. म्हणजे सातची शाळा सूर्याच्या हिशेबानें साडेसहाची! २०२४ च्या शासननिर्णयानें नऊपूर्वीं वर्ग न भरविण्याची सवलत चौथीपर्यंतच दिली. कुमार वगळलेच गेले. तेव्हां घरानेंच सांभाळावें. उठण्याची वेळ सुटीच्या दिवशींही फारशी बदलूं नये, उठतांच उजेडांत जावें; सायंकाळनंतर चहा-कॉफी व निजण्यापूर्वीं तासभर मोबाईल वर्ज्य करावा. झोंप न आल्यास तळमळत न पडतां मंद प्रकाशांत शांत बसावें. आठवडेच्या आठवडे असेंच चाललें तर डॉक्टरांना दाखवावें. रागावून मात्र कोणासहि झोंप येत नाहीं.