नाणं टाका, सॅल हसेल

सॅन फ्रान्सिस्कोच्या धक्क्यावर, पिअर ४५ इथे, ‘म्युझे मेकॅनिक’ हे नाण्यांवर चालणाऱ्या जुन्या यंत्रांचं संग्रहालय आहे. प्रवेश फुकट, पैसे पडतात ते यंत्रांत. एडवर्ड झेलिन्स्की यांनी लहानपणापासून जमवलेली ही यंत्रं २००२ साली शहरातल्याच क्लिफ हाउस या इमारतीतून इथे आली.

काचेच्या पेटीत लाल केसांची, फटीच्या दातांची ‘लाफिंग सॅल’ ही यांत्रिक बाहुली उभी असते. नाणं पडलं की ती डोलत खदाखदा हसते. लहान मुलं बिचकतात, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. भविष्य सांगणाऱ्या बाहुल्या, पंजा लढवणारं यंत्र, आपोआप वाजणारे पियानो, पिनबॉल आणि पुढच्या काळातले व्हिडिओ गेमही आहेत. बहुतेक यंत्रं आजही खेळता येतात. जाताना खिशात क्वार्टर, म्हणजे २५ सेंटची नाणी, भरपूर असावीत.