कॉम्प्युटरवरच्या बेसबॉल लीगमध्ये सगळ्यात भारी टीम प्लेऑफमध्ये का हरते?

शाळेत मागच्या बाकावर बुक क्रिकेट खेळला असाल, तर ‘सिम्युलेशन’ म्हणजे काय हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. पुस्तक उघडायचं आणि डाव्या पानाच्या नंबरातला शेवटचा आकडा बघायचा. चार आला तर चौका, सहा आला तर छक्का, शून्य आला की दांडी गुल. आठ आला तर काय, यावर प्रत्येक वर्गाचा वेगळा कायदा आणि त्यावरून होणारी भांडणं वेगळी. कुठे एक रन, कुठे नो बॉल.

आता एक गंमत बघा. पुस्तकाचं डावं पान नेहमी सम नंबरचं असतं. म्हणजे येणार फक्त पाचच आकडे : ०, २, ४, ६, ८. प्रत्येक बॉलला आऊट व्हायची शक्यता पाचात एक. आठला एक रन धरला, तर एका विकेटमागे सरासरी १३ रन होतात आणि दहा विकेटमध्ये १३०. तुमच्या वहीतले जुने स्कोअर सापडले तर ताडून बघा.

बुक क्रिकेटमध्ये खोट एकच. त्यात सचिन आणि अकराव्या नंबरचा बॅटर सारखेच. पुस्तकाला खेळाडू कळत नाही.

अमेरिकेत हाच प्रश्न बेसबॉलच्या नादी लागलेल्या हॅल रिचमन नावाच्या मुलाला पडला होता. त्याने फासे आणि पत्ते घेऊन खेळ बनवला आणि १९६१ साली तो ‘स्ट्रॅट-ओ-मॅटिक’ नावाने बाजारात आणला. यात प्रत्येक खेळाडूचं स्वतःचं कार्ड असतं. खऱ्या सीझनमधल्या त्याच्या कामगिरीवरून कार्डावर होम रन, आऊट, वॉक वगैरे भरलेलं असतं. तीन फासे टाकायचे. पहिल्या फाशावर १, २ किंवा ३ आला तर बॅटरचं कार्ड बघायचं, ४, ५ किंवा ६ आला तर पिचरचं. उरलेल्या दोन फाशांची बेरीज कार्डावर शोधली की त्या बॅटरचं काय झालं ते कळतं. नशीब फाशाचं, पण कार्ड ज्याचं त्याचं.

पुढे फाशांची जागा कॉम्प्युटरने घेतली. ‘आऊट ऑफ द पार्क बेसबॉल’ हा जर्मनीच्या मार्कुस हाइन्झॉनने बनवलेला गेम १९९९ पासून चालू आहे. यात बॅट फिरवायची नसते. तुम्ही टीमचे मॅनेजर. खेळाडू घ्या, विका, पिचरांचा क्रम लावा, बाकी मॅच कॉम्प्युटर खेळवतो. वेगवेगळ्या देशांतले लोक एकेक टीम घेऊन अशा ऑनलाइन लीग वर्षानुवर्षं चालवतात. एक जण कमिशनर असतो. तो ठरलेल्या वेळी बटण दाबतो आणि आठवड्याभराच्या मॅचचे निकाल एकदम बाहेर पडतात. सीझन संपला की प्लेऑफ.

आणि दरवर्षी तिथेच रडारड होते. सीझनमध्ये शंभर मॅच जिंकलेली टीम पहिल्याच सिरीजमध्ये गारद. ज्याने सहा महिने रात्र रात्र जागून टीम बांधली, तो म्हणतो, गेम गंडलाय.

खरंच गंडलाय का?

पुन्हा पुस्तक हातात घ्या. दोन टीम धरा. पहिली इतकी चांगली आहे की दहापैकी सहा मॅच तीच जिंकते. डाव्या पानावर ०, २ किंवा ४ आला तर पहिली जिंकली, ६ किंवा ८ आला तर दुसरी. झाली साठ-चाळीसची विभागणी. जी आधी चार मॅच जिंकेल तिची सिरीज. ‘बेस्ट ऑफ सेव्हन’ म्हणतात ते हेच. बोरिवली ते चर्चगेट प्रवासात अशा बऱ्याच सिरीज होतील. (पुस्तक पुन्हा पुन्हा मधल्याच पानावर उघडतं, तेवढं सांभाळा.)

गणित सांगतं की चांगली टीम अशा शंभर सिरीजपैकी सुमारे ७१ जिंकेल. उरलेल्या २९ वेळा घरी. कमजोर टीमने ४-० असा धुव्वा उडवणं अशक्य वाटतं, पण तेही साधारण ३९ सिरीजमध्ये एकदा होतंच.

त्यात साठ टक्के हा आकडाच उदार आहे. सीझनमध्ये तळाच्या टीमही समोर येतात, प्लेऑफमध्ये सगळे तालेवार. तिथे फरक ५५-४५ वर आला, तर सात मॅचच्या सिरीजमध्ये चांगल्या टीमची शक्यता ६१ टक्के उरते, पाचच्या सिरीजमध्ये ५९ आणि तीनच्या सिरीजमध्ये ५७. म्हणजे सिरीज तीनवरून सातवर नेली तरी हाती लागतात चारच टक्के. मग चांगली टीमच जिंकेल याची ९५ टक्के खात्री हवी असेल तर सिरीज किती मॅचची ठेवावी लागेल? साधारण २६९. अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलचा अख्खा सीझनच १६२ मॅचचा असतो.

सगळंच नशीब, असंही नाही. सीझनमध्ये टीम सहसा पाच पिचर आळीपाळीने वापरते. प्लेऑफमध्ये मध्ये सुट्ट्या मिळतात, म्हणून तीन-चारवर भागतं. ज्याची ताकद पाचही पिचर बरे असण्यात आहे, त्याचा फायदा इथे संपतो. ज्याच्याकडे दोनच आहेत पण जबरदस्त, तो अचानक धोकादायक होतो. मुरलेले मॅनेजर सीझनच्या उत्तरार्धातच प्लेऑफचा विचार करून पिचर विकत घेतात, ते यासाठी.

खऱ्या मैदानावर तरी वेगळं काय होतं?

२०२५ चा सीझन घ्या. सर्वात जास्त मॅच जिंकल्या मिल्वॉकी ब्रुअर्सने, १६२ पैकी ९७. म्हणजे जवळपास बरोबर साठ टक्के. लॉस एंजेलिस डॉजर्सशी ते सीझनमध्ये सहा वेळा खेळले आणि सहाही जिंकले. प्लेऑफमध्ये पुन्हा डॉजर्सच समोर आले. निकाल : डॉजर्स ४-०. हा निकाल एखाद्या सिम्युलेटेड लीगमध्ये लागला असता, तर मॅनेजरने कमिशनरला झोपू दिलं नसतं.

२००१ मध्ये सिएटल मॅरिनर्सने ११६ मॅच जिंकल्या, आणि वर्ल्ड सिरीजच्या आधीच यांकीजकडून ४-१ ने हरले. २००६ मध्ये सेंट लुईस कार्डिनल्स जेमतेम ८३ मॅच जिंकून आले आणि चॅम्पियन झाले.

आपल्याकडचं बघायचं तर आयपीएलमध्ये सिरीजच नाही, एकेका मॅचवर निकाल. २०२५ मध्ये मुंबई इंडियन्स चौथ्या नंबरवर आले, एलिमिनेटरमध्ये गुजरातला २० रनांनी हरवलं आणि १ जूनला क्वालिफायर टूमध्ये २०३ रन करूनही पंजाबकडून हरले. श्रेयस अय्यरने नाबाद ८७ मारल्या. मुंबईकरानेच मुंबईला घरी पाठवलं. मग ३ जूनला टेबलमध्ये पहिला असलेला पंजाब फायनलमध्ये बेंगळुरूकडून ६ रनांनी हरला. सहा रन म्हणजे एक फटका. त्यावरून ‘पंजाबला दडपण पेलत नाही’ अशा पोस्ट किती फिरल्या आठवा.

खरा खेळ आणि खोटा खेळ एकमेकांना चिकटले ते २०२० मध्ये. कोविडमुळे मेजर लीगचा सीझन अडकला, तेव्हा ३० टीममधून एकेक खेळाडू घेऊन व्हिडिओ गेमवर लीग घेतली गेली. फायनल होती पाच मॅचची. टॅम्पा बे रेजचा पिचर ब्लेक स्नेल ती ३-० ने जिंकला. त्याच वर्षी उशिरा सुरू झालेल्या ६० मॅचच्या खऱ्या सीझनमध्येही रेज वर्ल्ड सिरीजपर्यंत पोहोचले. सहाव्या मॅचमध्ये स्नेल पिचिंग करत होता, टीम १-० ने पुढे होती, त्याने नऊ जणांना स्ट्राइकआऊट केलं होतं. ७३ बॉल झाल्यावर मॅनेजरने त्याला बाहेर बोलावलं, कारण बॅटर पिचरला तिसऱ्यांदा सामोरा जातो तेव्हा जास्त मारतो असं आकडेवारी सांगते. लगेच डॉजर्सने आघाडी घेतली, मॅच ३-१ ने जिंकली आणि सिरीज ४-२ ने. तो निर्णय बरोबर होता की चूक यावर बेसबॉलवाले अजून भांडतात. माझं विचाराल तर एका मॅचवरून ते ठरवताच येत नाही. तीच मॅच हजार वेळा खेळवता आली असती तर सांगता आलं असतं, आणि ते फक्त सिम्युलेशनमध्येच होतं.

आता पैशाचं

सिम्युलेटेड लीग आणि फँटसी लीग यात लोक गल्लत करतात. सिम्युलेशनमध्ये मॅचच काल्पनिक असते. फँटसीमध्ये मॅच खरी, टीम तुमच्या मनाची. पण फँटसीचं मूळही बेसबॉलमध्येच आहे. १९८० मध्ये न्यू यॉर्कच्या एका रेस्टॉरंटमध्ये भेटणाऱ्या डॅनियल ओक्रेंट आणि मित्रांनी ‘रोटिसरी लीग’ सुरू केली. तिचीच लांबची नात म्हणजे आपल्या मुंबईत जन्मलेलं ड्रीम इलेव्हन.

ड्रीम इलेव्हन हा जुगार की कौशल्य, हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयातही गेला होता. २०१९ मध्ये गुरदीप सिंग सच्चर प्रकरणात न्यायालयाने कौशल्याच्या बाजूने कौल दिला. एक मुद्दा असा होता की, मैदानावर कोणती टीम जिंकते यावर फँटसीचा निकाल अवलंबून नसतो. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि हा वादच बाजूला सारला. कौशल्य असो की नशीब, जिंकण्याच्या आशेने पैसे लावायचे असतील तर तो ऑनलाइन खेळ बंद. ड्रीम इलेव्हनने पैशांच्या स्पर्धा थांबवल्या. पैसे न लावता खेळायच्या गेमना या कायद्याची आडकाठी नाही.

मात्र ॲप बंद झाली तरी टिप देणारे कुठेही गेलेले नाहीत. प्लेऑफ आले की इन्स्टाग्राम आणि टेलिग्रामवर स्क्रीनशॉट फिरतो : ‘एआयने फायनल दहा हजार वेळा खेळवली, अमुक टीम ६२ टक्के जिंकणार’. खाली लिंक असते. असा आकडा खरा असला तरी त्याचा अर्थ ती टीम दहापैकी जवळपास चार वेळा हरणार, असा आहे. मॅच दहा हजार वेळा खेळवल्याने अंदाज पक्का होत नाही. गेमला दिलेलं ‘कार्ड’ चुकीचं असेल, म्हणजे मुख्य बॉलर जखमी आहे हे त्याला माहीतच नसेल, तर दहा हजारही वेळा चूकच होते. आणि टीम जिंकली तर टिपवाला स्क्रीनशॉट मिरवतो, हरली तर पोस्ट डिलीट करतो. म्हणून पोस्ट बघताना दोनच गोष्टी विचारा : कार्ड कशावरून बनवलं, आणि याचे आधीचे चुकलेले अंदाज कुठे आहेत?

दुसरं टोकही आपल्या शेजारीच घडलंय. जुलै २०२२ मध्ये गुजरातमधल्या मेहसाणा जिल्ह्यात, मोलीपूर गावच्या शेतात एक खोटी ‘आयपीएल’ पोलिसांनी उघडकीला आणली. शेतमजुरांना आयपीएल टीमच्या जर्सी घातल्या होत्या, मॅच यूट्यूबवर लाइव्ह, कॉमेंटरीत हर्षा भोगलेंची नक्कल. बेटिंग लावणारे होते रशियात. पोलीस पोहोचले तेव्हा ही स्पर्धाही बाद फेरीत, क्वार्टर फायनलपर्यंत आली होती. तिथे मात्र कुठलीच टीम नशिबाने हरत नव्हती. पुढच्या बॉलला काय करायचं, ते अंपायर खेळाडूंना सांगायचा.