विज्ञान शाखा घ्यावी की न घ्यावी : काही रूढ समजुतींची तपासणी

दहावीचा निकाल लागल्यापासून अकरावीच्या प्रवेशअर्जात शाखा व विषय भरण्याची मुदत संपेपर्यंतचे जे थोडे दिवस असतात, त्यांत महाराष्ट्रातील असंख्य घरांत एक सभा भरलेली असते. तिला अध्यक्ष नसतो, इतिवृत्त नसते, आणि ज्याच्या भवितव्याचा विचार तीत चाललेला असतो तो पंधरा-सोळा वर्षांचा उमेदवारच बहुधा सर्वांत कमी बोलतो. मामा बोलतात, शेजारचे काका बोलतात, ज्यांच्या मुलीने गेल्या वर्षी हाच मार्ग पत्करला त्या बाई अधिकारवाणीने बोलतात; आणि या सर्वांच्या तोंडून जी विधाने निघतात ती दीर्घ वहिवाटीने इतकी पक्की झालेली असतात की त्यांची खातरजमा करण्याची तसदी कोणी घेत नाही. कोठारी आयोगाने १९६६ साली आपला अहवाल सादर केल्यानंतर दहा अधिक दोन अधिक तीन हा आकृतिबंध आपल्याकडे रुजू झाला, त्यातील मधल्या दोन वर्षांची ही हकिकत आहे. ही दोन वर्षे शाळेचीही नव्हेत आणि खऱ्या अर्थाने महाविद्यालयाचीही नव्हेत, आणि म्हणूनच त्यांच्याविषयी गैरसमज फोफावण्यास भरपूर जागा आहे.

पहिला आणि सर्वांत प्रबळ समज असा की, दहावीला नव्वद टक्क्यांच्या वर गुण पडले म्हणजे विज्ञान शाखेची पात्रता आपोआप सिद्ध झाली, आणि तसे पडले नाहीत म्हणजे ती आपोआप नाहीशी झाली. वस्तुस्थिती पाहावयाची तर गुणपत्रकावरील टक्केवारी ही विज्ञानाची टक्केवारी नव्हेच. राज्य मंडळाच्या परीक्षेत सहा विषयांपैकी सर्वोत्तम पाच विषयांचे गुण हिशेबात धरण्याची जी पद्धत २०१० पासून चालू आहे, तिच्यामुळे ज्याचे गणित सर्वांत कच्चे त्याच्या टक्केवारीतून गणितच गळून पडू शकते; शिवाय गणित व विज्ञान या दोहोंतही शंभरांपैकी वीस गुण शाळेच्या हाती असतात, आणि चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेचे किंवा क्रीडानैपुण्याचे वाढीव गुण कोणाकोणाच्या बेरजेत मिसळलेले असतात. यांत गैर काही नाही. चित्रकला ही गुण देण्याजोगीच गोष्ट आहे. परंतु ती बेरीज हाती घेऊन भौतिकशास्त्राच्या वर्गात जाऊन बसणे हा मात्र निराळा व्यवहार झाला. तेव्हा ज्याला निर्णय करावयाचा आहे त्याने टक्केवारीचा आकडा क्षणभर बाजूस ठेवावा आणि बीजगणित, भूमिती व विज्ञानाचे दोन भाग या चार लेखी परीक्षांतील आपले गुण तेवढे निराळे काढून पाहावेत.

तेवढ्यानेही काम भागत नाही, कारण दहावीचे विज्ञान आणि अकरावीचे विज्ञान यांत केवळ प्रमाणाचा नव्हे तर प्रकाराचा भेद आहे. एकच उदाहरण जरा जवळून पाहू. दहावीच्या विज्ञानाच्या पहिल्या भागातील पहिलाच पाठ गुरुत्वाकर्षणाचा आहे, आणि त्यात मुक्तिवेगाचे सूत्र येते; विद्यार्थी त्या सूत्रात गुरुत्व स्थिरांक, पृथ्वीचे वस्तुमान आणि तिची त्रिज्या घालतो, वर्गमूळ काढतो, आणि सेकंदाला ११.२ किलोमीटर हे उत्तर त्याच्या पदरात पडते. अकरावीच्या भौतिकशास्त्रात गुरुत्वाकर्षणाचे प्रकरण पाचवे आहे, आणि मुक्तिवेगाचा तोच आकडा तेथेही भेटतो. पण तेथवर जाण्याची वाट पूर्णतः बदललेली असते. पृथ्वीपासून दूर जाऊ लागावे तसतसे तिचे आकर्षण घटत जाते, म्हणून बल गुणिले अंतर हा शाळेतला सरळ गुणाकार येथे लागू पडत नाही; अंतराचे अतिसूक्ष्म भाग कल्पून, प्रत्येक भागातील कार्य निराळे मांडून त्या सर्वांची बेरीज घ्यावी लागते, आणि ही बेरीज म्हणजेच समाकलन, ज्याला वर्गात सर्रास इंटिग्रेशन म्हणतात. आता गंमत अशी आहे की, राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमात गणिताच्या तासाला समाकलन शिकविले जाते ते बारावीत. भौतिकशास्त्राला मात्र ते अकरावीतच हवे असते. या अडचणीची दखल घेऊनच पुस्तककर्त्यांनी भौतिकशास्त्राचे दुसरे प्रकरण केवळ गणिती पद्धतींना वाहिलेले आहे, आणि सदिश राशी व कलनशास्त्राची तोंडओळख तेथे उरकून घेतली आहे. जुलै-ऑगस्टात अनेक हुशार मुलांचे चेहरे उतरतात ते या प्रकरणापाशी. त्यांची बुद्धी एकाएकी कमी झालेली नसते. सूत्रात आकडे घालण्याच्या कौशल्यावर जे गुण मिळाले होते, ते कौशल्य येथे अपुरे पडते, एवढाच त्याचा अर्थ असतो. उलटपक्षी दहावीला पंचाहत्तर टक्क्यांवर थांबलेला, पण ‘हे असेच का’ म्हणून शिक्षकांना भंडावून सोडणारा एखादा मुलगा येथे रमलेला दिसतो.

यातूनच दुसरा गैरसमज निघतो, आणि तो विशेषेकरून वैद्यकाकडे जाऊ इच्छिणाऱ्यांच्या घरात नांदतो : गणिताचा धाक वाटतो, तर गणित सोडून जीवशास्त्र घ्यावे म्हणजे गणितापासून सुटका होते. विषय सोडण्याची मुभा आहे हे खरे, आणि वैद्यकीय प्रवेशासाठी बारावीचे गणित आवश्यक नाही हेही खरे. परंतु भौतिकशास्त्र सोडता येत नाही, आणि भौतिकशास्त्रातून गणित वजा करता येत नाही. नीट परीक्षेच्या ७२० गुणांपैकी जीवशास्त्राचे ३६० असले तरी भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र यांचे प्रत्येकी १८० आहेत, आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जातात. गणित हा विषय सोडणाऱ्या विद्यार्थ्याला वस्तुतः तेच गणित भौतिकशास्त्राच्या तासाला, सरावाची उदाहरणे न सोडविता आणि कोणी शिकवीत नसता, एकट्याने शिकावे लागते. म्हणून ज्याने ते सोडले त्याने दुसऱ्या प्रकरणाशी अधिक सख्य करावे, कमी नव्हे. जीवशास्त्र म्हणजे निव्वळ पाठांतर ही समजूतही याच जातीची असून, आनुवंशिकतेवरील उदाहरणे सोडविताना तिचा निकाल लागतो.

‘विज्ञान घेतले की सगळे दरवाजे उघडे राहतात’ हे वाक्य त्या सभेत किमान दोनदा तरी उच्चारले जाते. हा समज सर्वस्वी खोटा नाही, आणि म्हणूनच अधिक सांभाळून तपासावा लागतो. विज्ञान शाखेतून बारावी झालेल्यास कला अथवा वाणिज्य शाखेच्या पदवीला जाता येते, उलट दिशेने अभियांत्रिकीला किंवा वैद्यकाला जाता येत नाही, हे निर्विवाद आहे. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत भूदलासाठी कोणत्याही शाखेची बारावी चालते, पण नौदल व वायुदल यांना भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित लागते. मात्र ‘सगळे दरवाजे’ म्हणून जे मोजले जातात त्यांतील कित्येकांना मुळी कुलूपच नाही. संघ लोकसेवा आयोगाची नागरी सेवा परीक्षा कोणत्याही शाखेच्या पदवीधराला देता येते. विधीचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम कोणत्याही शाखेच्या बारावीनंतर घेता येतो. सनदी लेखापाल होण्यासही शाखेची अट नाही. ज्या मुलीला मनापासून वकील व्हावयाचे आहे तिने केवळ सावधगिरी म्हणून दोन वर्षे सेंद्रिय रसायनाच्या अभिक्रिया घोकाव्यात, आणि अखेरीस पंचावन्न टक्क्यांचे गुणपत्रक व मोडलेला आत्मविश्वास घेऊन त्याच विधी महाविद्यालयाच्या दारात उभे राहावे, यात कोणता शहाणपणा साधला हे मला आजवर उमगलेले नाही.

आणि विज्ञान घेतल्यावरही सगळे दरवाजे उघडे राहत नाहीतच. विषयांच्या जोडणीने त्यांतील काही लगेच बंद होतात. मूलभूत विज्ञानाच्या शिक्षणासाठी २००६ साली पुण्यात स्थापन झालेल्या आयसर या संस्थेच्या प्रवेशपरीक्षेत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित आणि जीवशास्त्र या चारही विषयांचे प्रश्न सारख्याच संख्येने असतात. ज्याने गणित किंवा जीवशास्त्र अकरावीतच सोडून दिले तो तेथे एका हाताने लढतो. चारही विषय एकत्र घेणे हा त्यावरचा तोडगा खरा, पण तो ज्याला संशोधनाची ओढ आहे त्याच्यासाठी. ‘अभियांत्रिकी नाही जमले तर वैद्यक बघू’ या हिशेबाने चारही विषय घेणाऱ्यास दोन्ही परीक्षांच्या तयारीचा भार उचलावा लागतो, आणि त्याच वेळी दोहोंपैकी एकाच परीक्षेला वाहून घेतलेल्यांशी त्याची स्पर्धा असते.

आता अकरावीविषयी. दहावीचे वर्ष ताणाचे गेले, बारावीचे जाणार आहे, तेव्हा मधले वर्ष विसाव्याचे, असा एक गोड समज मुलांमध्ये आहे, आणि अकरावीची परीक्षा मंडळाची नसून महाविद्यालयाची असल्यामुळे त्याला दुजोरा मिळतो. हिशेब मात्र निराळा आहे. राज्याच्या सामाईक प्रवेशपरीक्षेत सुमारे वीस टक्के भार अकरावीच्या अभ्यासक्रमावर असतो; जेईई आणि नीट या परीक्षांत तर अकरावी व बारावी असा पंक्तिभेदच नाही. शिवाय अकरावीत ज्याचे त्रिकोणमिती व सीमा यांचे प्रकरण राहिले त्याला बारावीचे कलनशास्त्र परकेच राहते. विसावा घ्यावयाचाच तर तो दहावीच्या परीक्षेनंतरच्या उन्हाळ्यात घ्यावा. त्याचप्रमाणे ‘बारावीच्या गुणांना आता कोण विचारतो’ हेही तितकेसे खरे नाही : आयआयटी व एनआयटी यांच्या प्रवेशासाठी बारावीत पंचाहत्तर टक्के गुण किंवा आपल्या मंडळाच्या गुणवत्तेत वरच्या वीस पर्सेंटाइलमध्ये स्थान असावे लागते, आणि आरक्षित प्रवर्गांना गुणांत सवलत असली तरी अट आहेच.

या दुर्लक्षाचा सर्वांत मोठा बळी म्हणजे प्रयोगशाळा. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र यांत शंभरांपैकी तीस गुण प्रात्यक्षिकाचे असतात, आणि ते देणगीदाखल मिळतात अशी सर्वत्र भावना आहे. हजेरी कागदावर लावून मुलाला दिवसभर खाजगी क्लासच्या स्वाधीन करणारी जी व्यवस्था ‘इंटिग्रेटेड’ या भारदस्त नावाने चालते, तीत तर प्रयोगशाळेचे कुलूप जर्नलवर सह्या होण्याच्या दिवसांतच उघडते असे ऐकिवात आहे. गुण कदाचित मिळतही असतील. पण पोटॅशियम परमँगनेटचे अनुमापन ज्याने स्वतः केले आहे त्याला ठाऊक असते की, ब्युरेटच्या तोटीतून थेंबाथेंबाने उतरणारा जांभळा द्राव फ्लास्कमध्ये पडताक्षणी वर्ण गमावीत राहतो, आणि मग एका थेंबाला फिकट गुलाबी छटा येते ती हलविल्यावरही जात नाही. तो थेंब कोणता हे ओळखावे लागते, एक थेंब अधिक पडला तर सगळे पुन्हा करावे लागते, आणि लागोपाठ सारखी वाचने येईपर्यंत थांबावे लागते. शेजाऱ्याच्या वहीतून वाचने उतरवून घेणाऱ्याला या धीराची ओळख होत नाही. आपल्या पाल्याला विज्ञान झेपेल की नाही असे विचारणाऱ्या पालकाने आधी हे विचारावे की, असले काम करताना तो कंटाळतो की वेळ विसरतो.

मराठी माध्यमातील मुलांच्या पालकांची भीती भाषेची असते, आणि तिची टिंगल करण्याचे कारण नाही, कारण अकरावीचे विज्ञान व्यवहारतः इंग्रजीतूनच शिकावे लागते. मात्र ही अडचण पारिभाषिक शब्दांची आहे, आणि असे शब्द प्रत्येक प्रकरणागणिक मोजकेच असतात. दिवाळीपर्यंत नेटाने वही ठेवणाऱ्याची ती बव्हंशी सरते. नीट आणि जेईई मेन या परीक्षा मराठीतूनही देता येतात. राज्याच्या सामाईक परीक्षेत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र यांच्या प्रश्नपत्रिकांस मराठीची सोय आहे, गणिताची प्रश्नपत्रिका मात्र इंग्रजीतच असते, ही बाब अर्ज भरताना ध्यानात असू द्यावी.

राहता राहिला तो समज असा की, अभियंता व्हावयाचे तर अकरावी विज्ञानाखेरीज गत्यंतर नाही. दहावीनंतर तंत्रनिकेतनातील तीन वर्षांची पदविका घेऊन अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळविण्याची तरतूद कितीतरी वर्षांपासून आहे. ज्याचे हात यंत्राकडे आपोआप वळतात पण ज्याला पुस्तकातील सिद्धतांचा उबग येतो, त्याला हा मार्ग मानवतो; तो कमी प्रतीचा आहे असे मानण्याचे कारण आपल्या सामाजिक प्रतिष्ठेच्या कल्पनांत आहे, अभ्यासक्रमात नाही.

परीक्षा मार्चमध्ये संपते आणि निकाल लागेपर्यंत हाती बराच काळ असतो. बालभारतीची अकरावीची पुस्तके तिच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. भौतिकशास्त्राचे ते दुसरे प्रकरण उतरवून घ्यावे, कोणत्याही क्लासच्या मदतीवाचून आठ-दहा सकाळी त्यावर घालवाव्यात, आणि प्रकरणाअखेरची उदाहरणे सोडवून पाहावीत. ती सर्व सुटलीच पाहिजेत असे नाही. न सुटलेले उदाहरण दुपारच्या जेवणानंतर पुन्हा हाती घ्यावेसे वाटते की नाही, एवढे त्या मुलाने स्वतः पाहावे, आणि घरच्या सभेत बोलण्याची पहिली पाळी त्याला मिळावी.