बेला बार्तोक आणि खेड्यातली गाणी

१९०४ च्या उन्हाळ्यात हंगेरीचे तरुण संगीतकार बेला बार्तोक गावाकडे राहायला गेले होते. तिथे मुले सांभाळणाऱ्या एका १८ वर्षांच्या मुलीचे गाणे त्यांच्या कानावर पडले. मुलगी ट्रान्सिल्व्हेनियातील किबेद गावची. तिची चाल त्यांनी कधी ऐकलेली नव्हती, म्हणून तिची गाणी त्यांनी लिहून घेतली.

यात नवल काय, असे तुम्हाला वाटेल. पण त्या काळी 'हंगेरीचे लोकसंगीत' म्हणजे शहरातल्या कॅफेत रोमा वादक वाजवतात ते, असाच सुशिक्षितांचा समज होता. लिस्ट यांच्या 'हंगेरियन ऱ्हॅप्सडी' त्याच संगीतावर उभ्या आहेत. प्रत्यक्षात त्यातली बरीच गाणी एकोणिसाव्या शतकातील हौशी मध्यमवर्गीय रचनाकारांची होती. शेतकऱ्यांचे जुने गाणे त्याच्या मागे झाकले गेले होते.

१९०५ मध्ये बार्तोक यांची झोल्तान कोदाय यांच्याशी ओळख झाली. कोदाय आधीच गावोगाव फिरत होते. १९०६ मध्ये दोघांनी मिळून २० गाण्यांचे पुस्तक काढले, पियानोच्या साथीसह. शहरी वाचकांना ते फारसे रुचले नाही.

आता प्रत्यक्ष काम कसे चाले ते पाहू. सोबत एडिसनचा फोनोग्राफ असे. गाणाऱ्याने भोंग्यात तोंड घालून गायचे, आणि सुई मेणाच्या नळीवर आवाज कोरत जायची. एका नळीवर जेमतेम काही मिनिटांचे गाणे मावे. पण यंत्रापेक्षा अवघड होते ते गाणे काढून घेणे. जुनी गाणी मुख्यतः म्हाताऱ्या बायकांना येत, आणि त्या परक्या शहरी माणसापुढे लाजत. 'जुने काही येते का?' असे विचारले की आधी नकार, मग चर्चमधले भजन, मग अलीकडेच शिकलेले एखादे गाणे. असा एक लांबलचक संवाद बार्तोक यांनी १९०७ च्या एका पत्रात लिहिला आहे. वाचताना हसू येते, पण क्षेत्रकार्य केलेल्या कोणालाही तो ओळखीचा वाटेल.

त्याच वर्षी ट्रान्सिल्व्हेनियातील चिक भागात त्यांना पाच स्वरांच्या जुन्या चाली सापडल्या. आपल्या भाषेत सा, कोमल ग, म, प, कोमल नी. म्हणजे धानीचे स्वर. चाल वरून खाली उतरत येते, आणि पुष्कळदा पहिला अर्धा भागच पाच स्वर खाली पुन्हा गायला जातो. लयही ठोक्यात बांधलेली नसते, बोलण्याच्या ओघाने चालते. हे कागदावर कसे मांडायचे? बार्तोक प्रत्येक गाण्याचा शेवटचा स्वर एकाच ठिकाणी आणत, मग ओळीतील अक्षरे मोजत आणि कोणती ओळ कोणत्या स्वरावर थांबते ते नोंदवत. त्यामुळे हजारो चाली शेजारी ठेवून ताडून पाहता येऊ लागल्या.

ताडून पाहण्यासाठी शेजाऱ्यांची गाणीही लागतात. म्हणून त्यांनी स्लोव्हाक आणि रुमानियन खेड्यांतही संग्रह केला, १९१३ मध्ये अल्जीरियातील बिस्क्रापर्यंत गेले. चाली गावांच्या आणि भाषांच्या सीमा ओलांडून जातात, बदलतात आणि परत येतात, हे त्यांना दिसत होते. पण पहिल्या महायुद्धानंतर हंगेरीचा मोठा प्रदेश, ट्रान्सिल्व्हेनियासह, शेजारी देशांकडे गेला होता. अशा वेळी, १९२० मध्ये, रुमानियन लोकसंगीतावरील त्यांचा लेख परदेशात छापून येताच हंगेरीच्या वृत्तपत्रांतून त्यांच्यावर देशद्रोहाचा ठपका ठेवला गेला. लेखात होती ती गाण्यांची वैशिष्ट्ये, राजकारण नव्हते. बार्तोक यांनी रुमानियन गाण्यांचे काम पुढेही चालू ठेवले.

१९३४ पासून ते हंगेरीच्या विज्ञान अकादमीत याच संग्रहाचे संपादन करत होते. तिथे त्यांनी जुन्या नळ्या पुन्हा ऐकल्या आणि तरुणपणी आपणच केलेली स्वरलेखने पुन्हा लिहून काढली. पूर्वी जिथे एक सरळ स्वर लिहिला होता, तिथे आता त्यांना आजीबाईंच्या गळ्यातली बारीक मुरकी ऐकू येत होती.