जठर काढल्यानंतर

जठराच्या कर्करोगात जठराचा काही भाग किंवा संपूर्ण जठर काढावे लागते. १८८१ मध्ये व्हिएन्नात थिओडोर बिलरोथ यांनी जठराचा खालचा भाग काढण्याची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली. संपूर्ण जठर काढल्यावर अन्ननलिका लहान आतड्याला जोडतात. पहिल्या काही दिवसांत हा जोड गळण्याचा धोका सर्वांत गंभीर असतो.

पुढे त्रास होतो तो अन्न साठवणारी पिशवीच नसल्याने. गोड पदार्थ झपाट्याने आतड्यात उतरतात. अर्ध्या तासात पोटात कळ, धडधड, घाम, जुलाब. एक ते तीन तासांनी रक्तातली साखर उतरून थरथर व चक्कर. याला ‘डम्पिंग सिंड्रोम’ म्हणतात. प्रवराकाठच्या कोल्हारसारख्या ऊसपट्ट्यात पाहुण्यापुढे आग्रहाने धरलेला ग्लासभर रसही अशा रुग्णाला बाधू शकतो. दिवसातून सहा वेळा थोडे थोडे खावे आणि पाणी जेवणासोबत न पिता नंतर प्यावे.

सर्वाधिक दुर्लक्ष होते ते ब-१२ जीवनसत्त्वाकडे. ते शोषून घेण्यासाठी लागणारे प्रथिन जठरातच तयार होते. यकृतातला साठा काही वर्षे पुरतो, म्हणून सुरुवातीला सारे ठीक वाटते. मग पंडुरोग, पायांना मुंग्या, तोल जाणे. शाकाहारी माणसाचा साठा मुळातच कमी असतो. नुसत्या फॉलिक अॅसिडच्या गोळ्यांनी रक्त सुधारते, पण मज्जातंतूंची हानी चालूच राहते आणि ती कायमची ठरू शकते. त्यामुळे संपूर्ण जठर काढलेल्यांनी ब-१२ ची इंजेक्शने आयुष्यभर घ्यावीत.

लोह आणि कॅल्शियमही कमी शोषले जाते. हाडे ठिसूळ होतात, वजन घटते.