नवापूरच्या पाड्यांवरचा सोमवार

जुलै 2025 मध्ये महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांनी विधानसभेत धुळे-नंदुरबारमधली अनधिकृत चर्च सहा महिन्यांत पाडू, असं जाहीर केलं. तेव्हापासून नंदुरबारमधल्या नवापूर तालुक्याचा विषय निघाला की बोलणं चर्चच्या पत्र्याच्या शेडपाशी येऊन अडतं. जागा कोणाची, परवानगी कोणाची, धर्मांतर झालं की केलं गेलं! बेकायदा बांधकामाला नियम लागू व्हायलाच हवा, आणि तो सर्व धर्मांना सारखा. पण रविवारी त्या शेडमध्ये बसणारी माणसं सोमवारी कशी वागतात, हे कोणी विचारत नाही. मला तोच प्रश्न महत्त्वाचा वाटतो.

पाड्यावरच्या रविवारच्या भक्तीत प्रवचनाइतकंच वजन साक्षीला असतं. चपला बाहेर, बाया एका अंगाला, पुरुष दुसऱ्या. एखादा गडी उठतो आणि मावची बोलीत सांगतो की दारू सुटली, बायकोवर हात उचलणं थांबलं. चर्चची मंडळी त्याच्यासाठी प्रार्थना करते. पण तो घसरला तर सर्वात आधी कळतं ते शेजाऱ्यांना, पाळकाला नंतर.

दारू सोडणं ही इथे मिशनऱ्यांनी आणलेली कसोटी नव्हे. 1922 मध्ये दक्षिण गुजरातेतल्या आदिवासींत देवीची चळवळ उठली, तिची लाट या भागातही आली. तिचा पहिला आदेश दारू सोडण्याचाच होता. पुढे 1930 च्या दशकात तळोदा तालुक्यातल्या मोरवडच्या गुलाम महाराजांनी ‘आप की जय’ म्हणत हजारो भिल्लांना व्यसनातून बाहेर काढलं. देव बदलले, पण माणूस देवाचा झाला की नाही हे ओळखण्याची खूण या मातीत तीच राहिली.

अवघड भाग पुढे आहे. गावदिवाळी आली, वाघदेवाची पूजा ठरली की घरटी वर्गणी निघते. ख्रिस्ती झालेला भाऊ म्हणतो, देणार नाही. दुसरा म्हणतो, मग गावकीत कशाला राहतोस? धर्म बदलल्याने अनुसूचित जमातीचा दर्जा आपोआप जात नाही, कारण राष्ट्रपतींच्या 1950 च्या आदेशातली धर्माची अट अनुसूचित जातींसाठी आहे. कागदावर दोघे भाऊ सारखेच, बांधावर मात्र अबोला. पूजेला नकार देण्याचा हक्क त्याचा आहेच. पण गावच्या विहिरीच्या गाळाला, शेजारच्या मयताला तो पहिला धावला, तर त्या नकाराला गावही मान देतं. हल्ली सगळीकडेच श्रद्धेचे भोंगे मोठे झालेत, शेजारधर्म आटलाय. डाकीण ठरवून एखाद्या विधवेला घराबाहेर काढलं जातं, तेव्हा तिच्या दारात कोण उभं राहतं, यावर मी कोणत्याही मंडळीचं मोल करीन.

शेजारधर्माची हीच कसोटी दवाखान्यातही लागते. याच तालुक्यात चिंचपाड्याचं ख्रिश्चन हॉस्पिटल 1942 पासून चालू आहे. मण्यार चावली की दुखत फारसं नाही, पण काही तासांत पापण्या मिटू लागतात, मग श्वास अडतो. अशा वेळी सर्पविषावरची लस आणि गरज पडली तर व्हेंटिलेटर, एवढंच माणसाला वाचवतं. रोग्याचा देव कोणता, हे मण्यार विचारत नाही, रात्रपाळीच्या नर्सनेही विचारू नये. सेवेच्या आड धर्मप्रसार होतो, हा आक्षेप मी हलका मानत नाही. बदल्यात काहीही न मागता केलेली शुश्रूषा हेच त्याला उत्तर आहे.

म्हणून जे पाळक औषध थांबवा, फक्त प्रार्थना करा असं सांगतात, त्यांचा मला राग येतो. सिकलसेलच्या पोराची गोळी बंद करणं हा विश्वास नव्हे, तो जिवाशी खेळ आहे. शासनाने शेड मोजाव्यात. पण मंडळ्यांच्या पंचांनी येत्या रविवारी आपल्या पाळकांना एवढं बजावावं: प्रार्थना जरूर करा, आणि रोग्याला त्याच दिवशी दवाखान्यात पोचवा.